सदतीस पॉइंट सहा

आधीच सांगून ठेवतो, माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी अंडी उबवायच्या कपाटावरचा स्क्रीन आहे. सात इंची काच, मागे तळहाताएवढा बोर्ड, आणि पोटात चौसष्ट एमबी मेमरी. तुमच्या खिशातल्या फोनला हा आकडा सांगितलात तर तो हसेल. हसू दे. त्याच्या भरवशावर कुणी चार हजार आठशे अंडी ठेवत नाही.

माझा जन्म कारखान्याच्या पट्ट्यावर झाला. त्याच पट्ट्यावरच्या दुसऱ्या रांगेत पाचशे बारा एमबीवाले बोर्ड बनत होते. आम्ही स्वस्तातली रांग. मला लिफ्टमध्ये बसवायचं ठरलं होतं. कुणीतरी लिफ्टची ऑर्डर रद्द केली आणि मी दोन वर्षं खोक्यात पडून राहिलो. मग गोदाम रिकामं करताना मला एका माणसाने उचललं. सगळे त्याला सर म्हणायचे. कॉलेजातून निवृत्त झालेला, हॅचरीच्या मालकाचा शाळेपासूनचा मित्र. तीस वर्षं एकच विषय शिकवला की माणसाला वाटायला लागतं, तो विषय आपल्याच घरचा. सर तसे होते.

सरांनी माझ्यावर जे सॉफ्टवेअर चढवलं ते सगळं टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरसाठी बनलेलं होतं. त्यातला मुख्य म्हणजे डिस्प्ले सर्व्हर. हे प्रकरण सोपं आहे. माझ्यासारख्यांच्या पोटात प्रोग्रॅम स्वतः काही काढत नाही. तो सर्व्हरला सांगतो, इथे आकडा काढ, तिथे रेघ ओढ, आणि सर्व्हर काढतो. दहा प्रोग्रॅम, वीस खिडक्या, माउस, नाना लिप्यांची अक्षरं असतील तर असा चित्रकार हवाच. माझ्याकडे प्रोग्रॅम एक, खिडकी एक, माउस नाहीच. एक कप चहासाठी मांडवातलं पातेलं चुलीवर चढवलं होतं. पातेलं रिकामं असलं तरी जागा अडवतंच.

त्यावर सरांनी आणखी एक शहाणपण केलं. हीटर चालू-बंद करण्याचं काम आणि आकडे दाखवण्याचं काम, दोन्ही एकाच प्रोग्रॅमच्या गळ्यात बांधलं. सर्व्हर मेला तर तोही मरणार. शिवाय कपाटात पूर्वी लोखंडी पट्टीचा एक कटआउट होता. उष्णता वाढली की पट्टी वाकायची आणि हीटर तोडायची. तो सरांनी पक्कडीने काढून टाकला. "आता कॉम्प्युटर आहे ना," म्हणाले.

मालकांनीही एक मागणी केली. त्यांना माझ्यावर त्यांच्या वडिलांचा फोटो हवा होता. हॅचरी वडिलांनी उभी केलेली. फोटोत ते खुर्चीवर बसलेत, मांडीवर अंड्यांचा ट्रे, चेहरा असा की ट्रे कुणीतरी जबरदस्तीने दिलाय. हा फोटो पूर्ण स्क्रीनभर आणि त्याच्यावर तापमानाचे मोठे आकडे. आलेखाच्या पानावरून बोट लावून मुख्य पानावर आलं की बाबा हजर.

"जिवंत वाटतात," मालक म्हणाले.

मला माणसांच्या भावनांशी देणंघेणं नाही. मी फक्त हिशेबातली जागा सांगतो. तो फोटो माझ्या पोटात दीड एमबी घ्यायचा. तेवढं मी सोसलं असतं. पण सरांच्या प्रोग्रॅममध्ये एक खोड होती. मुख्य पानावर येताना दर वेळी तो सर्व्हरला फोटो नव्याने सांभाळायला द्यायचा आणि आधीचा परत घ्यायला विसरायचा. एक बोट, एक बाबा. दुसरं बोट, दुसरे बाबा. स्क्रीनवर एकच दिसायचे, आत रांग लागायची. बॅच एकवीस दिवसांची, आणि बॅच चालू असताना मला बंद करत नाहीत. म्हणजे रांग मोडायचीच नाही.

मालक रोज सकाळी येऊन एकदा बोट लावायचे. पाहुणे आले की चार-पाच वेळा.

आता ताईंबद्दल सांगतो. कपाटांची खोली त्या सांभाळायच्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. तासातासाला माझ्यासमोर यायच्या, चष्मा कपाळावरून खाली ओढायच्या, आकडा वहीत लिहायच्या, पुढे सही. कपाटाचं दार उघडायचं नाही असा नियम होता. ऊब जाते म्हणून. बघायचं ते माझ्याकडेच. पण ताईंना आणखी एक सवय होती, त्या ऐकायच्या. हीटरचा रिले चालू-बंद होताना 'टक' असा आवाज येतो. दर दीड-दोन मिनिटांनी टक. ताई ट्रे पुसता पुसता तो ऐकत असायच्या, त्यांचं लक्ष नसलं तरी कान तिथेच असायचे.

बाराव्या दिवशी सकाळी साडेदहाला पाहुणे आले. कोंबड्यांच्या फार्मचे तिघे खरेदीदार. मालकांनी त्यांना माझ्यासमोर उभं केलं.

"हे बाबा. आणि हा आलेख. बघा, आता परत बाबा."

"वा, मस्त!"

"थांबा, तुम्ही मागे होतात, तुम्हाला दिसलं नाही. हे बघा, बाबा."

पाचव्या बोटाला माझी मेमरी संपली.

ती संपली की माझ्यातली सगळ्यात खालची व्यवस्था एकच करते. सगळ्यात जास्त कोण खातंय ते बघते आणि त्याला मारते. चौसष्टातले एकतीस एमबी एकट्या सर्व्हरने घेतले होते. तो गेला. त्याच्याबरोबर प्रोग्रॅम गेला. त्या क्षणी हीटर चालू होता. तो चालूच राहिला, कारण त्याला बंद हो म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

आणि मी? माझ्या काचेवर शेवटचं चित्र तसंच राहिलं. मागचा दिवा लागलेला. बाबा बसलेले. त्यांच्या छातीवर हिरवे आकडे: ३७.६. मी आतून मेलो होतो आणि बाहेरून इतका ठणठणीत कधी दिसलो नव्हतो.

अकरा वाजता ताई आल्या. सदतीस पॉइंट सहा. सही. बारा वाजता तेच. एक वाजता तेच. दोन वाजता त्या माझ्यासमोर जरा रेंगाळल्या. तेवढ्यात मालक पाहुण्यांना निरोप द्यायला त्या वाटेने आले. बाबा समोर दिसतच होते, त्यामुळे बोट लावायची वेळ आली नाही.

"मालक, टक ऐकू येत नाहीये बराच वेळ," ताई म्हणाल्या.

मालक पाहुण्यांकडे बघून हसले. "ऐकलंत? आमच्याकडे कानाने तापमान मोजतात." मग ताईंकडे वळून, "स्क्रीन बघ गं. सदतीस पॉइंट सहा. डोळे दिलेत ना देवाने?"

पाहुणे हसले. ताईंनी दोनची नोंद लिहिली. तीनची लिहिली. चारची लिहिली. पाच वाजता त्यांनी वही खाली ठेवली आणि नियम मोडून दार उघडलं. चष्म्यावर वाफ धरली. आतली हवा भट्टीसारखी होती.

मालक धावत आले. कुठल्याही यंत्राचं काही बिनसलं की त्यांच्या वयाचा माणूस पहिल्यांदा जे करतो तेच त्यांनी केलं. मला बंद करून परत चालू केलं. आतला सगळा पुरावा एका बटणात साफ. मी शहाण्यासारखा उठलो, खरा आकडा दाखवला: ४६.२.

"हे काय आहे?"

"मगाशी सदतीस पॉइंट सहाच होतं मालक. आताही, दार उघडेपर्यंत."

"दोन वाजता मी स्वतः बघितलंय, तेव्हा बरोबर होतं. त्यानंतर तू बघायलाच आली नाहीस."

दोन दिवस अंड्यांवर उजेड मारून बघितलं. आत हालचाल नाही. चार हजार आठशेच्या चार हजार आठशे गेली. सर आले, मला तपासलं. नुकताच चालू झालेला मी, ठणठणीतच सापडणार. सरांनी चष्मा पुसला. "प्रोग्रॅममध्ये दोष नाही. मी लिहिलाय." यापुढे काही बोलायची त्यांना गरज वाटली नाही.

मग मालकांनी वही उघडली. आधीच्या पानांवर आकडे वर-खाली होते, सदतीस पाच, सदतीस सात. या पानावर अकरापासूनच्या सहा ओळी, सहा वेळा तोच आकडा. "एका जागी बसून लिहिलंय सगळं," मालक म्हणाले. लाल पेन काढलं आणि पानावर आडवं लिहिलं: खोटी नोंद. खाली सही. ताईंना महिनाअखेरीपर्यंतची मुदत दिली.

ताई रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कामावरून काढा. पण ते लाल खोडा. या धंद्यात नोंद खोटी निघाली तर मला दुसऱ्या दारात कोण उभं करेल? ही वही खरेदीदारांकडे, चार ठिकाणी फिरते."

मालकांनी वही मिटली.

पांढऱ्या केसांचा मला एक राग आहे, तो इथेच सांगतो. चूक झाली की हे लोक शोधत नाहीत, वाटून टाकतात. आणि वाटप नेहमी वरून खाली होतं.

चार दिवसांनी काटेवाली आली. वजनकाटे दुरुस्त करणारी बाई. बाई कसली, पोरगीच. दर तीन महिन्यांनी येऊन ती अंडी तोलायचा काटा बरोबर करून जायची. काटा उलटा करून बसली होती तेव्हा ताईंनी तिला वही दाखवली. का दाखवली ते मला माहीत नाही. कदाचित खोलीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

तिने पान नीट वाचलं. मग म्हणाली, "ताई, खोटं लिहिणारा माणूस आकडे बदलून बदलून लिहितो. सहा वेळा तोच आकडा लिहायचं धाडस खऱ्या माणसातच असतं."

मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पिशवीतून लॅपटॉप काढला, वायर जोडली आणि माझ्या पोटात कोण किती खातंय त्याची यादी बघितली. आलेखाचं पान, मुख्य पान. यादीत सर्व्हर दीड एमबीने फुगला. पुन्हा. अजून दीड. ती मोठ्याने हसली.

"ताई, तुमच्या मालकांच्या वडिलांनी खाल्लीत अंडी."

मालकांना हे सांगितलं तेव्हा सरही बसलेले होते. सरांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "शिक्षण कुठवर?"

"सुटलं."

"सुटलं म्हणजे?"

"दुसऱ्या वर्षाला. त्यांना मी नको होते, मला ते. सर, तुमचा प्रोग्रॅम फोटो परत करत नाही."

"तू काटे बघ. हे काट्याचं काम नाही."

"काट्यालाही आकडाच दाखवायचा असतो. पण काटा बंद पडला की शून्य दाखवतो किंवा काहीच दाखवत नाही. शेवटच्या गिऱ्हाइकाचं वजन दाखवत बसत नाही."

मालकांचा आवाज चढला. "बाबांवर आळ घेतेस?"

"नाही काका. नवी अंडी कधी येणार?"

"सोमवारी."

"मग परवा कपाट रिकामंच आहे. एक दिवस द्या मला. वही तुम्ही लिहायची. तासातासाला, स्वतः, स्वतःच्या हाताने. मी चुकले तर ताईंच्या पानावर माझीही सही करून देते."

मालक तिचं तोंड बंद व्हावं म्हणून हो म्हणाले. सर म्हणाले, "मीही बसतो." बसायला त्यांना नेहमीच आवडायचं.

तो दिवस मी विसरणार नाही, विसरायला माझ्यात जागाही ठेवलेली नव्हती. कपाटात रिकामे ट्रे, मागच्या ट्रेमागे तिने काचेचा एक थर्मामीटर उभा केलेला. मालक खुर्ची टाकून बसले. मांडीवर वही.

"काका, तो तुमच्या बाबांचा फोटो दाखवा ना. मी नीट बघितलाच नाही."

मालकांचा चेहरा सैल झाला. बोट लावलं. बाबा.

"कुठे काढलाय हो?"

"मागच्या आवारात. तेव्हा ही भिंत नव्हती." आलेख, परत बाबा. "ही बघ, खुर्चीच्या पायाशी दिसते ती पहिली पेटी. कंदिलावर उबवायचे."

"कंदिलावर? आणि तापमान कसं बघायचे?"

"पापणीला अंडं लावून बघायचे बाबा. पापणीला कळतं." परत बाबा. मालक बोलत राहिले, बोट चालत राहिलं. वडिलांबद्दल त्यांना इतक्या वर्षांत कुणी विचारलं नसावं. काटेवाली हूं हूं करत होती आणि तिचे कान रिलेकडे होते. टक झालं, हीटर चालू झाला. "अजून एकदा दाखवा ना, काका."

सतरावं बोट, तिने आधीच मोजून ठेवलेलं. मी मेलो. ही तिची चलाखी होती, मी लपवत नाही. हीटर बंद असताना मेलो असतो तर कपाट थंड पडलं असतं, एवढाच फरक.

काचेवर बाबा. छातीवर ३७.५.

बारा वाजता मालकांनी चष्मा लावला, वाचलं, लिहिलं, सही केली. एक वाजता लिहिलं. दोन वाजता लिहून म्हणाले, "बघ. नीट चाललंय की."

"चाललंय," काटेवाली म्हणाली आणि सफरचंद खात राहिली.

तीन वाजता ताई ट्रे घेऊन आत आल्या. थांबल्या. या दिवसाबद्दल त्यांना कुणी फारसं सांगितलं नव्हतं. "मालक," त्या म्हणाल्या, "टक ऐकू येत नाहीये."

"स्क्रीन बघ गं," मालक म्हणाले, "सदतीस..."

आणि तिथेच थांबले.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मग वहीकडे. तिथे त्यांच्याच अक्षरात तोच आकडा तीन वेळा, तीन सह्या. पेन उचललेलं होतं. त्यांनी चौथी ओळ लिहिली. ती लिहिताना हात हळू चालत होता, पण लिहिली. म्हातारा माणूस आडवा जाईल, मागे जाणार नाही.

मग उठून त्यांनी स्वतः दार उघडलं.

वाफ नव्हती, आत पाणी ठेवलंच नव्हतं. नुसती कोरडी धग. काटेवालीने थर्मामीटर काढून त्यांच्या हातात दिला. एकोणपन्नास. दाराच्या बाहेर, माझ्या काचेवर: सदतीस पॉइंट पाच.

सर म्हणाले, "हे अपवादात्मक परिस्थितीत..."

"तू गप रे," मालक म्हणाले. पन्नास वर्षांच्या मैत्रीत हे त्यांनी पहिल्यांदा म्हटलं असावं, कारण सर खरोखर गप झाले.

मालकांनी वही मागे उलटली. लाल पेन वरच्या खिशात होतं. ताई दाराशी उभ्या होत्या, ट्रे अजून हातात. त्यांनी मालकांकडे बघितलं नाही, पानाकडे बघितलं. मालकांनी 'खोटी' हा शब्द दोन रेघांनी खोडला. 'नोंद' तशीच ठेवली. वही ताईंकडे दिली आणि बाहेर निघून गेले. माफी मागितली नाही. तो शब्द त्यांच्या तोंडात कधी बसलाच नव्हता, त्या वयात कुठून बसणार. ताईंनी ट्रे खाली ठेवला, वही घेतली आणि महिनाअखेरीनंतरही त्या तासातासाला येतच राहिल्या.

सोमवारच्या आत काटेवालीने मला मोकळं केलं. डिस्प्ले सर्व्हर मुळापासून काढला. आता माझा प्रोग्रॅम आकडे थेट काचेच्या मेमरीत लिहितो, मधे चित्रकार नाही. रंग निम्मे केले. सगळ्या भाषांची अक्षरं होती, ती काढून दहा अंक, एक दशांश टिंब आणि काही आडव्या रेघा एवढंच ठेवलं. आकडा बदलला तर तेवढाच आकडा पुसून नवा काढायचा, पूर्ण काच नाही. जिथे एकतीस एमबी जात होते तिथे आता एकही पुरता लागत नाही. हीटरचा प्रोग्रॅम वेगळा. मी आंधळा झालो तरी तो चालतो. लोखंडी कटआउट परत आला. आणि मोजमाप दहा सेकंदांपेक्षा जुनं झालं की आकडा पुसून रेघा दाखवायच्या. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. हे मला शिकवावं लागलं. सरांना अजून कुणी शिकवलेलं नाही.

फोटोवरून थोडं झालंच.

"म्हणजे बाबांना काढणार?"

"भिंतीवर लावा काका. भिंतीला दीड एमबी जड नाही."

आता बाबा समोरच्या भिंतीवर आहेत, चौकटीत. मांडीवर ट्रे, चेहरा तोच. तिथून ते मला बघत असतात. सर एकदा येऊन गेले. माझी काळी काच आणि पांढरे आकडे बघून म्हणाले, "दिसायला अगदी भिकार झालंय." बरोबर आहे. मी दिसायला भिकार आहे आणि सोमवारपासूनच्या पाचही बॅचमधून पिल्लं निघालीत.

काटेवालीने काचेच्या कोपऱ्यात एक ठिपका ठेवलाय. मोजमाप झालं की लुकलुकतो, सेकंदाला एकदा. नोंदवहीत एक नवा रकाना आलाय, ठिपका चालू की बंद. ताई आकडा लिहितात, ठिपक्याची खूण करतात, सही करतात. मग थोडा वेळ उभ्या राहतात, कान देऊन. टक आलं की जातात.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. माझ्यासारखे आता सगळीकडे आहेत. तुमच्या जिन्यात, दवाखान्यात, गाडीत, स्वयंपाकघरात. आम्ही नीट दिसतो म्हणून नीट असतोच असं नाही. आकडा बघण्याआधी ठिपका बघा. ठिपका नसेल तर दार उघडा, आत हात घाला. आणि कुणी साधीशी बाई येऊन म्हणाली की आवाज थांबलाय, तर तिला माझ्याकडे बोट दाखवू नका.